चोरातला च

शहाड
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

पायल,

जय भीम. आधी 'सप्रेम' लिहायची आपल्याकडे पद्धत आहे, पण खोटं कशाला लिहू.

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर तू मला तीन वर्षांपूर्वीच ब्लॉक केलंस, आणि आता वकिलांनी बजावलंय की बहिणीला जे विचारायचं ते लेखी विचारा. हो, वकील केलाय. नौपाड्यात बसतात, प्रफुल्ल जाधव म्हणून. दिसतात साधे, पण प्रश्न नेमके विचारतात.

झालं असं, की मागच्या रविवारी सोनल मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "मम्मी, सोराकूचा गेम आला. तू बोलली पण नाहीस मला." मी म्हटलं, "कुठला गेम? मी कुठे काय केलंय?" तिने इअरफोन माझ्या कानात घातला. आणि पायल, मी मलाच ऐकलं.

जपानी कार्टूनमधल्या त्या चौदा वर्षांच्या सोराकूला मी अकरा वर्षं हिंदीत बोलायला लावलंय. बाई पोराचा आवाज काढते याचं लोकांना अजून नवल वाटतं. तुला वाटणार नाही, तू माझ्या शेजारी बसून ते शिकलीस. वाक्य संपताना मी सूर जरासा वर नेते, तो होता. हसण्याआधीचा नाकातला श्वास होता. पण त्यातलं एकही वाक्य मी बोललेलं नाही. या गेमसाठी मी माइकसमोर उभीच राहिलेली नाही.

सोनल म्हणते, हे मशीनचं काम. हल्ली एखाद्याचं जुनं रेकॉर्डिंग मशीनला ऐकवलं की मशीन त्याच्या आवाजात वाट्टेल ते बोलतं. पण रेकॉर्डिंग स्वच्छ लागतं, मागे संगीत नको, तलवारींचा खणखणाट नको. माझं तसं रेकॉर्डिंग दोनच ठिकाणी आहे. एक वागळे इस्टेटमधल्या स्टुडिओत. दुसरं त्या काळ्या हार्ड डिस्कवर, जी मी तुला सरावासाठी दिली होती आणि तू परत केली नाहीस.

स्टुडिओवाले असलं काही करणार नाहीत असं मी म्हणत नाही. पण त्यांना मी वीस वर्षं ओळखते, आणि तुला अडतीस वर्षं.

शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला, मी नौपाड्यात तक्रारीवर सही करणार आहे. माझा आवाज माझ्या परवानगीशिवाय दिला-घेतला म्हणून. पहिलं नाव कंपनीचं, दुसरं तुझं. काही सांगायचं असेल तर त्याआधी सांग.

माझी तब्येत छान आहे. घशाला जरा सर्दी आहे, बाकी काही नाही. कुणी वेगळं सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नकोस.

मंजुळा


शहाड
शनिवार, ८ नोव्हेंबर

पायल,

जय भीम. पाच दिवस झाले, उत्तर नाही. शहाडहून डोंबिवलीला पत्र जायला दोन दिवस पुरतात, मी पोस्टात विचारून आले. म्हणजे पत्र पोचलंय आणि तू गप्प आहेस. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

परवा जाधव वकिलांकडे गेले होते. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "ताई, बहिणीचं नाव नक्की घालायचं ना? एकदा घातलं की मागे घेणं अवघड जातं." मी मान हलवली. मग म्हणाले, "तुमच्यात आधी काही बिनसलं होतं का?" मी वहीवर लिहून दाखवलं, 'नाही.' सर्दीमुळे लिहून दाखवते हल्ली. त्यांनी वही वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि फाइल मिटली. मला ते आवडलं नाही.

तुझ्याबद्दल मला आणखी दोन गोष्टी कळल्यात, त्या सांगून ठेवते. एक म्हणजे गणपतीच्या आधी तू वागळे इस्टेटला स्टुडिओच्या खालच्या टपरीवर रचनाबरोबर चहा पीत होतीस. बघणाऱ्याने मला येऊन सांगितलं. ज्या रचनाने तुला ऑडिशनला नापास केलं त्या डबिंग डिरेक्टरबरोबर तुझा कसला चहा? दुसरं म्हणजे सोनलच्या फोनमध्ये 'पायल मावशी' आहे, आणि जवळजवळ रोज आहे. मी विचारलं तर म्हणते, "तू माझा फोन चेक करतेस?" हे काही उत्तर झालं का? माझ्याच घरात माझ्या पाठीमागे काहीतरी चाललंय आणि भात मीच शिजवतेय.

आई म्हणायची, "मंजे, तू आरशातल्या मंजीवरपण नजर ठेवशील." असेन मी संशयी. चाळीत पाण्याचा नंबर आठवतो का तुला? नळ साडेपाचला यायचा. तू उठून आपली बादली रांगेत ठेवायचीस आणि तिच्या मागे माझी, म्हणजे मला झोपता यावं. एके दिवशी मी आले तर माझी बादली सहा नंबर मागे. सगळ्या चाळीसमोर मी तुला म्हटलं, तूच सरकवलीस. तू स्वतःची भरलेली बादली माझ्यासमोर ठेवलीस आणि घरात गेलीस. नंतर कळलं, कोपऱ्यातल्या खोलीतल्या हौसाबाईने सरकवली होती.

ते मी तुला कधी सांगितलं नाही. आता लिहिलंय खरं, पण त्यामुळे आत्ताची गोष्ट बदलत नाही. तेव्हा तू नव्हतीस म्हणून आताही नसशील असं थोडंच आहे.

मंजुळा


शहाड
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पायल,

सापडलीस.

वकिलांनी मला गृहपाठ दिला होता. गेममधलं जे जे वाक्य मी बोललेलं नाही त्याची यादी करा म्हणाले. मग दोन दिवस सोनल खेळत होती आणि मी कानात इअरफोन घालून वहीत उतरवत होते. एकूण दोनशे बारा वाक्यं. शिवाय मार खाल्ल्याचे, पडल्याचे, मरतानाचे ते आवाज, ज्यांना आपण एफर्ट्स म्हणतो आणि ज्यांनी आपले घसे जातात, ते वेगळे.

एकशे त्रेचाळिसाव्या वाक्याला मी पेन खाली ठेवलं. बाजारात लोक सोराकूला घेरतात आणि तो ओरडतो, "मैं चोर नहीं हूँ!" मी सोनलला ते सात वेळा लावायला सांगितलं. तिला काही कळेना. तिला कळणारही नाही, तिचे कान इंग्रजी शाळेतले आहेत.

त्या 'चोर'मधला च मराठी होता.

तुला समजावायची गरज नाही, पण हे पत्र उद्या वकीलही वाचतील म्हणून लिहिते. मराठीत च दोन. चिमणीतला एक, चोरातला दुसरा. पहिल्याला जीभ टाळूला लागते, दुसऱ्याला दातांच्या मुळाशी. हिंदीत मात्र चिमणीतलाच चालतो, आणि चोरातला आला की स्टुडिओच्या काचेपलीकडून डिरेक्टरचा आवाज येतो, "मराठी टच आ रहा है, फिर से." माझी पहिली दोन वर्षं त्या 'फिर से'मध्ये गेली. मी तो च जिभेवरून खरवडून काढला. गेल्या अठरा वर्षांच्या माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तो एकदाही नाही. मग माझं रेकॉर्डिंग ऐकून शिकलेल्या मशीनकडे तो येईल कुठून?

म्हणजे ते मशीन नाही. ते माणूस आहे, मराठी माणूस आहे, आणि माझा श्वाससुद्धा घेता येणारं माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे. तुला 'चोर, चौक, चूना' घोकायला बसवून मी दमले होते. बाकी सगळं तू उचललंस, तेवढा च राहिला.

खरं सांगू, मशीन असतं तर मला कमी लागलं असतं. मशीनला बहीण नसते. तू माझा आवाज अंगावर घालून बाजारात फिरतेयस, एखादीने विचारल्याशिवाय आपली पैठणी नेसून लग्नाला जावं तशी. आणि ओळ तरी कुठली सापडली तुला अडखळायला.

वकिलांना सगळं लिहून पाठवलं. त्यांचा निरोप आला, "तक्रार बदलावी लागेल. पण त्याआधी स्टुडिओत जाऊन समोरासमोर विचारा." जाईन. मी कुणाला भीत नाही.

मंजुळा


शहाड
गुरुवार, २० नोव्हेंबर

पायल,

जय भीम.

आज स्टुडिओत जाऊन आले. त्याआधी एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला सर्दी नाही. मे महिन्यात घशाचं ऑपरेशन झालं. वीस वर्षांच्या किंचाळ्या स्वरतंतूंवर गाठी होऊन बसल्या होत्या. गाठी गेल्या, आवाजही गेला. आता बोलले तर पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं येतं. डॉक्टर म्हणाले, घरात बोलण्यापुरता सुधारेल, पण वरची पट्टी विसरा. म्हणजे सोराकू विसरा. घरात सोनल सोडली तर मी कुणालाच सांगितलं नाही. स्टुडिओत कळवलं की गावाला जातेय.

रचनाने मला दारात पाहिलं आणि पाणी आणून ठेवलं, कोमट. मी वही काढली तर म्हणाली, "वहीची नाटकं नको, मंजुळा. जूनमध्ये तू फोनवर नुसतं 'हॅलो' बोलली होतीस ना, तेव्हाच कळलं मला."

मग तिने सांगितलं ते असं. जुलैत बाहेरच्या कंपनीचा निरोप आला की गेममध्ये सोराकूचा आवाज तोच हवा. बाई येत नसतील तर जुन्या रेकॉर्डिंगवरून मशीनने करू. आमच्या जुन्या करारात एक ओळ आहे, रेकॉर्डिंग कसंही वापरायचा हक्क त्यांचा. मी तो करार न वाचता सही केली होती. साऱ्या जगावर संशय घेते आणि ज्यावर घ्यायचा तो कागद तसाच सोडला. हार्ड डिस्कची त्यांना गरजच नव्हती.

रचनाने तुला फोन केला. तुला नापास केल्यावर तीन वर्षांनी. तू हो म्हणालीस आणि दोन अटी घातल्यास. मी विचारलं, कुठल्या? रचना म्हणाली, "एक, नाव तुझंच जायला पाहिजे. दोन, तुला कळता कामा नये."

मी वहीत लिहिलं, 'का?' तेवढंच.

ती म्हणाली, "मीपण विचारलेलं. पायल बोलली, त्या जागेवर मशीन एकदा बसलं की उठत नाही. माणूस बसला तर ताई बरी झाल्यावर त्याला उठता येतं."

मग तिने मला गेमच्या शेवटची नावांची पाटी दाखवली. आम्ही दोनशे बारा वाक्यं ऐकली, पण शेवटपर्यंत जाऊन नाव कुणी बघितलं नाही. सोराकू, हिंदी आवाज, मंजुळा साळवे. तुझं नाव कुठेच नव्हतं. तू कपाटात आईच्या गोधड्या टांगून त्यात उभी राहून अठरा दिवस रेकॉर्डिंग केलंस हेही रचनाने सांगितलं. तापात असताना एफर्ट्स दिलेस म्हणाली.

निघताना मी त्या 'चोर'बद्दल लिहून विचारलं. तुमच्या कानांना तो च खटकला नाही? रचना हसली. "खटकला ना. मी तीनदा बोलले, परत घेऊ. पण त्या एका टेकवर ती अडून बसली. म्हणे, हाच ठेव, नाहीतर मी काम सोडते. तुम्ही दोघी बहिणी डोक्यात जाता माझ्या."

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. मी पाणी पिऊन घरी आले.

मंजुळा


शहाड
सोमवार, २४ नोव्हेंबर

पायल,

चार दिवस हे पत्र लिहून फाडतेय. सोनल म्हणाली, "मम्मी, एक ओळ लिही आणि टाक पोस्टात." ती एक ओळच तर लिहवत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी तुझी ऑडिशन झाली. नायिकेचा रोल होता, तुझ्या गळ्यात बसणारा. तू नापास झालीस आणि रात्री घरी येऊन मला विचारलंस, "ताई, तू रचनाला माझ्याबद्दल काही बोललीस का?" मी आईच्या फोटोकडे बोट दाखवून म्हटलं, एक शब्द नाही. तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस आणि चप्पल घालून गेलीस. मग मी सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरले की पायल संशयी आहे, सख्ख्या बहिणीवर संशय घेते.

मी बोलले होते. रचनाने मला विचारलं, "पायल कशी वाटते?" आणि मी म्हटलं, "आवाज चांगला आहे, पण च अजून मराठी आहे." त्यात खोटं काही नव्हतं. पण पंधरा दिवसांच्या सरावाने तो गेला असता हे मला ठाऊक होतं, आणि ते मी सांगितलं नाही. कारण आदल्या आठवड्यात तू स्वयंपाकघरात सोराकूची नक्कल केली होतीस आणि सोनल आतल्या खोलीतून ओ देत आली होती, "काय मम्मी?" माझ्या पोरीला फरक कळला नाही. मी घाबरले, पायल. एवढंच होतं ते. मी तुझी बादली मागे सरकवली, हौसाबाईसारखी, आणि वर तुलाच चोर म्हटलं.

आज सकाळी नौपाड्याला जाऊन सांगितलं की तक्रारीवर सही करणार नाही. जाधव म्हणाले, "बरं झालं. पहिल्या दिवशीच मला वाटलं होतं की तुम्हाला वकील नको, पोस्टमन हवा." मग त्यांच्याकडूनच कंपनीला दुसरं पत्र करून घेतलं. त्यात लिहिलंय की गेममधला सोराकू पायल साळवे यांनी केला आहे, नाव दुरुस्त करावं, आणि यापुढे हे पात्र त्यांचं. मशीन वापरायला माझी हरकत आहे, तेही लिहिलंय. त्या करारापुढे माझी हरकत किती टिकेल ते जाधव बघतील. मी परत त्या जागेवर बसणार नाही. मला बसता येणार नाही, हे आता लपवून काय करू. तू माझ्या नंबरावर माझी बादली ठेवून उभी आहेस. ती उचल, आणि तिथे तुझी ठेव.

रागाने नाही लिहीत. रडले, पण रागाने नाही.

एक शंका मात्र राहिलीय, आणि तू मला ओळखतेस, ती विचारल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. दोनशे बारा वाक्यांत तो च तुझ्याकडून एकदाच गेला. तोही नेमका त्याच ओळीत. आणि त्याच टेकवर तू अडून बसलीस. का?

सप्रेम जय भीम.

तुझी ताई


डोंबिवली
गुरुवार, २७ नोव्हेंबर

ताई,

सप्रेम जय भीम.

पहिली चार पत्रं वाचून मी डिस्कशेजारी ठेवून दिली. डिस्क कपाटातच आहे, गोधड्यांच्या मागे. कुणाला दिलेली नाही. तीन वर्षं मी एका वाक्याची वाट बघत होते, ते पाचव्या पत्रात आलं, म्हणून आज लिहायला बसले.

सोनलला रागावू नकोस. ती मला रोज फक्त तुझा घसा कसा आहे ते सांगायची. गेम तुला ऐकव, हे तिला मीच सांगितलं. बाकी तिला काही माहीत नव्हतं. तुला कळता कामा नये ही अट रचनासाठी होती. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तू ते उपकार म्हणून फेकून दिलं असतंस. तुला तुझ्याच कानांनी कळायला हवं होतं.

च तर मी ऑडिशननंतरच्या महिन्यातच घालवला. तुझ्याच डिस्कवर, तुझीच वाक्यं घोकून, बरोबर पंधरा दिवस लागले. आता माझ्या तोंडून तो चुकूनही जात नाही. त्या एका वाक्यात मी तो परत आणला, आणि त्याला मला दहा टेक लागले. मशीन असो वा माणूस, तू ऐकल्यावर आधी चोरीच म्हणणार हे मला माहीत होतं. स्क्रिप्टमध्ये ती ओळ दिसली तेव्हाच ठरवलं की तुला मी उत्तर देईन ते इथे, आणि आपल्या मराठी 'च'ने.

नावाचं कंपनी काय म्हणते ते बघू. नाव दोघींचं जाऊ दे, याबाबतीत मात्र मी तुझं ऐकणार नाही. पुढच्या सीझनला काचेपलीकडे तू बस. हात वर केलास की मी थांबेन.

सहा डिसेंबरला गेली तीन वर्षं आपण दादरला वेगवेगळ्या रांगेत उभ्या राहतोय. या वेळी मी पहाटेच निघते. तू सोनलला घेऊन सावकाश ये, बोलायची घाई करू नकोस. तुझा नंबर मी धरून ठेवते.

पायल